पुढच्या दारचं धरणं

अमरावतीच्या माळीपुऱ्यात सागवानी दाराचं एक घर होतं. त्या घराच्या उंबरठ्यावर भर वैशाखात मनकर्णा उपाशीपोटी बसली होती. घर तिचंच. तिच्या बापानं बांधलेलं, बापामागे एकुलत्या एका लेकीकडे आलेलं. पण आत भाडोत्री होता, तो निघत नव्हता, आणि आपल्या घरात पाय ठेवता यावा म्हणून तिला आपल्याच दारात धरणं धरून बसावं लागलं होतं. देव अधूनमधून माणसाची थट्टा करतो हे ठाऊक आहे, पण थट्टेलाही काही मर्यादा असावी.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी सातासमुद्रापार कुठे तरी गोऱ्यांची आपसांत लढाई जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि विलायतेला एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. मग काय विचारता. ज्यांच्या बैलांना धड वेसण नव्हती त्यांनी शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. अमरावतीच्या बाजारात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ज्याच्या घराला चार भिंती होत्या त्याच्या दारी विचारणारे दहा उभे राहू लागले.

मनकर्णा तेव्हा इथून चार दिवसांच्या बैलगाडीच्या वाटेवर, हिवरखेडला, नवऱ्याच्या मळ्यात वांगी तोडत होती. बापाचं घर कुलूप लावून पडलं होतं. एक दिवस बाळापूरचा भगवंत नारळ आणि पानसुपारी घेऊन मळ्यात उतरला. जातीचा माळी, आपल्यातलाच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मेथीच्या जुड्या बांधणारा हा गडी अकोल्याच्या बाजारात कापसाची दलाली करू लागला होता, आणि आता त्याला अमरावतीत घर हवं होतं. मनकर्णेचा नवरा सूर्यभान यानं किल्ली काढून दिली. कागद केला नाही. आपल्यातल्या माणसाकडून कागद लिहून घ्यायचा म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणण्यासारखं, अशी या लोकांची समजूत. सुपारी फोडली आणि व्यवहार झाला.

पहिली दोन वर्षं भाडं बरोबर येत गेलं. मग यंदाच्या, म्हणजे अठराशे पासष्टच्या शिमग्यापासून बातम्या येऊ लागल्या की तिकडची लढाई संपत आली, आणि चैत्रात भाव असा कोसळला की कालचे शेठ आज गल्लीतून तोंड लपवून जाऊ लागले. भगवंतानं चढ्या भावात कापूस उचलून घरात भरून ठेवला होता. माल विकला तर तो बुडणार, आणि न विकला तर घर रिकामं होणार नाही. भाडं थांबलं. सूर्यभान दोनदा अमरावतीला जाऊन आला. पण हा माणूस पराकोटीचा भिडस्त. भगवंतानं त्याला ओसरीवर बसवलं, गुळपाणी दिलं, भाव चढला की आठवड्याभरात घर मोकळं करतो म्हणाला. पहिल्या खेपेला सूर्यभान पंधरा दिवसांची मुदत देऊन आला. दुसऱ्या खेपेला भाडं मागायला गेलेला हा बाप्पा भाडोत्र्यालाच वांग्यांची पाटी देऊन परतला. कचेरीत गेला तर कारकुनानं कागद मागितला, आणि कागद कुठला आणायचा?

त्या दिवशी मनकर्णेनं हातातला विळा खाली ठेवला. "आता मी जातो," असं त्यानं तिसऱ्यांदा म्हटल्यावर ती म्हणाली की तुमी मळा पाहा, मी जाते. मी धरणं धरते.

धरण्याची रीत तिनं बापाकडून ऐकली होती. ज्याच्याकडे आपलं देणं अडकलं त्याच्या दाराशी, उंबरठ्यावर, जाऊन बसायचं. पाण्याशिवाय पोटात काही घालायचं नाही. दारात माणूस उपाशी बसलेलं असताना आतल्यानंही चूल पेटवायची नाही. पेटवली तर पाप. बसलेल्याला ओलांडून जायचं नाही. ओलांडलं तर महापाप. जो आधी उठेल किंवा आधी जेवेल त्याचा दावा गेला. सरकारनं म्हणे आता याला मनाई केली होती, पण सरकारला अजून माळीपुऱ्याची वाट सापडली नव्हती.

सूर्यभानानं तिला गाडीतून आणून सोडलं आणि उलट पावली परत गेला. वैशाखात मोट एक दिवस थांबली तरी मिरची मान टाकते. घरी दोन लेकरं सासूजवळ ठेवलेली. जाताना तो म्हणाला, जमलं नाही तर ये परत, गाडीवाले येतच असतात. ती म्हणाली, घर हातात आल्याशिवाय मी उठणार नाही. हे ती जरा मोठ्यानं बोलली. गल्लीतल्या चार बायकांनी ऐकलं, आणि शब्द एकदा चार बायकांनी ऐकला की तो गिळता येत नाही.

सकाळी भगवंतानं दार उघडलं तर उंबरठ्यावर पाठमोरी बाई. तो दचकला, मग ओळखलं, मग दोन्ही हात जोडले. गोड बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"आत या नं बाई. उन्हात काहून बसल्या? घर तुमचंच हाये."

"माह्यंच हाये," मनकर्णा गल्लीकडे तोंड करून म्हणाली. "बापानं मले देल्लं. म्हनूनच बसली. घर खाली कर, मंग उठते मी."

गल्लीत जमलेल्या लोकांना हे फार आवडलं. भगवंतानं दार हळूच, अगदी आदरानं लावलं आणि आतून कडी घातली.

पहिला दिवस मनकर्णेनं थाटात काढला. तिची पाठ बापाच्या दाराला टेकलेली होती. घराच्या भिंती मातीच्या, वरचं छताचं धाबं मातीचं, पण दार मात्र बापानं मेळघाटातून सागवान आणवून घडवून घेतलं होतं. जन्मभर झेंडू आणि मोगरा विकून जमवलेलं सगळं त्यानं त्या दारात घातलं. लोकांनी वेड्यात काढलं तर म्हणायचा, माणूस आधी दार पाहते. लहानपणी त्या चौकटीवरच्या लाकडी फुलांवर तिनं बोट फिरवलं होतं. आताही फिरवलं. फुलं तशीच होती. एका ठिकाणी मात्र कापसाची गाठ घासून मोठा ओरखडा पडला होता. तिथं तिचं बोट थांबलं.

दाराच्या फटीतून वास येत होता. दमट, कोंदट, गरम. भिजलेला कापूस दडपून ठेवला की तो आतल्या आत तापतो आणि कुबट घाण सुटते. वजन वाढावं म्हणून काही दलाल रुईवर पाणी मारत. म्हणजे इथं परसातल्या तिच्या बापाच्या विहिरीचं पाणी. तो वास दिवसभर पाठीमागून तिच्या मानेवर येत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची पार्बताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. पार्बताबाई म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र, आणि त्यात फुकट मिळणारं. मनकर्णा पाणी पीत असताना तिनं विचारलं की बाई, तू नेमकी कोणासाठी बसली? मनकर्णा म्हणाली, भगवंतासाठी, आणखी कोणासाठी. तो आत कोंडला आहे, किती दिवस कोंडून घेईल?

पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला. हसू आवरेना.

"अवो माय, तो कुठचा कोंडला? आत्ता मले बजारात दिसला. खानावळीत वरन-पोयी खाऊन राहिला होता. तुले कोनी सांगतलं नाई काय? मांगची भितच फोडली त्यानं. गाडी थेट घरात लागावी म्हून. येवढं भगदाड हाये, बैल जाईन त्याच्यातून."

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे. मनकर्णा दोन दिवस ज्या दाराची राखण करत होती त्या दारानं कोणी जात-येतच नव्हतं. सूर्यभानही दोन्ही खेपांना पुढच्या ओसरीवरच गुळपाणी पिऊन आलेला. मागं डोकावायचं त्याला सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी भिडेनं गेला नसता. तिनं तांब्या खाली ठेवला. भिंत फोडली. मातीच्या घराची भिंत. मिरग तोंडावर आलेला. पंधरा-वीस दिवसांत ती भिंत बांधली नाही तर पाऊस त्या भगदाडातून आत शिरेल, ओली माती खचत जाईल, धाबं खाली येईल, आणि दिवाळीला तिथं फक्त मातीचा ढीग आणि त्यात उभं एक सागवानी दार राहील. तिचा हात उंबरठ्यावर गेला. उठून मागं जावं आणि एकदा डोळ्यांनी पाहून यावं. पण उठली की धरणं मोडलं.

गल्लीतले देवीदासजी रीतीभातीचे जाणकार. कोणाच्या बारशाला कोणी कुठं बसायचं इथपासून सगळं त्यांना विचारून होई. त्यांना बोलावलं. मनकर्णेनं विचारलं की मी इथून उठून मागच्या भगदाडाशी जाऊन बसले तर चालेल का? देवीदासजींनी पान चघळत बराच विचार केला. त्यांचं म्हणणं पडलं की धरणं दाराशी धरतात. भगदाड म्हणजे दार नव्हे. त्याला चौकट नाही, उंबरठा नाही. उद्या कोणी खिडकीशी बसेल, परवा कोणी धाब्यावर चढून बसेल, मग रीत ती काय राहिली? आणि इथून उठलीस तर धरणं मोडलंच, पुन्हा धरता येत नाही.

"अन् त्यानं भित फोडली ते चालते?" मनकर्णेनं विचारलं.

देवीदासजी म्हणाले की त्याबद्दल रीत काही सांगत नाही.

म्हणून मनकर्णा तिथंच बसून राहिली. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. गाडीवाले हिवरखेडच्या वाटेनं जात होते, त्यातल्या कोणाच्याही गाडीत बसून ती चार दिवसांत लेकरांजवळ पोचली असती. पण मग घर गेलं. आणि बसून राहावं तर कोणासाठी? ज्याला उपाशी ठेवायचं तो खानावळीत पोळ्या खात होता. तिला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आलं. रागाचं होतं की भुकेचं, तिचं तिलाही कळलं नाही. पहाटे परसाकडे जातानाही ती आपली घोंगडी उंबरठ्यावर ठेवून जायची, म्हणजे बसल्यासारखंच धरतात. आणि परत येताना, पाहिलं तर बसवणार नाही म्हणून, घराच्या मागं वळून पाहायचं टाळायची.

तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की गल्लीत कुत्रंही दिसेना. मनकर्णेचे ओठ चिकटल्यासारखे झाले होते. दुपारच्या त्या सामसुमीत तिला दाराआडून तान्ह्या लेकराचं रडणं ऐकू आलं. कालही आलं होतं, परवाही. लेकरं रडतातच, तिनं लक्ष दिलं नव्हतं. पण आज ते रडणं बारीक झालं होतं, मध्येच तुटत होतं. मनकर्णेनं स्वतः चार लेकरांना जन्म दिला होता आणि त्यातली दोन पुरली होती. पोटात दूध नसलेल्या लेकराचं रडणं तिला ओळखू येत होतं.

तिनं दाराला कान लावला आणि हळू आवाजात विचारलं, कोण आहे आत.

मग अगदी दाराशी, खालून, तिच्याच उंचीवरून, एका बाईचा आवाज आला. ती पण पलीकडे खालीच बसली होती. भगवंताची बायको, जमुना. दोघींच्या मध्ये सागवानाची एक फळी.

"लेकराले पाज नं," मनकर्णा म्हणाली.

"दूध उतरत नाई."

"काहून?"

"तीन दिसापासून चूल नाई पेटवली," जमुना म्हणाली. "दारात बाई उपाशी बसली, अन् आत मी घास गियू? माह्या लेकीले लागन ते."

जिच्याबद्दल तिनं विचारही केला नव्हता तिनं तिचं धरणं इमानानं पाळलं होतं. नवरा भिंत फोडून जेवायला जात होता आणि ही आत बसून सगळी रीत एकटीनं सांभाळत होती. मनकर्णा म्हणाली की मी काही शाप देत नाही, तू खा. तुझ्याशी माझं भांडण नाही. जमुना म्हणाली की शाप देणाऱ्याच्या हातात थोडाच असतो, तो आपणच लागतो.

"मंग तुमी उठा," ती म्हणाली.

"उठली त घर गेलं."

"त मी बी नाई खात."

आत लेकरू कण्हत राहिलं. मनकर्णा मनातल्या मनात भगवंताला, कापसाला, गोऱ्यांच्या लढाईला, सूर्यभानाच्या भिडेला आणि शेवटी स्वतःलाही शिव्या घालून मोकळी झाली, पण त्यानं कोणाचं पोट भरलं नाही. संध्याकाळी पार्बताबाई पाणी घेऊन आली तेव्हा मनकर्णेनं तिच्याकडून गूळपाणी मागून घेतलं आणि लेकरासाठी दाराच्या फटीतून आत सरकवायला पाहिलं. मागच्या भगदाडातून धाडावं तर धरणं बसलेल्या घरात अन्न नेण्याचं पाप घ्यायला पार्बताबाई तयार नव्हती, आणि फट तेवढी मोठी नव्हती. बापानं दार फार चोख बसवून घेतलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी लेकराचं रडणं थांबलं.

मनकर्णेनं दार ठोठावलं. पुन्हा ठोठावलं. आतून जमुनाचा आवाज आला, आहे, जिती आहे, पण झोपून राहिली, डोळे उघडत नाही. मनकर्णेला आपली दोन पुरलेली लेकरं आठवली, त्यातलं धाकटं असंच आधी गप्प झालं होतं. तिनं पार्बताबाईला हाक मारली आणि भाकर आणायला सांगितलं. पार्बताबाईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मनकर्णेनं पुन्हा सांगितलं, आणि ठेचाही आण.

गल्ली गोळा झाली. देवीदासजी आले. मनकर्णेनं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि सगळ्यांदेखत तोंडात घातला. चार दिवसांचा कोरडा घसा, घास खाली उतरेना, पण तिनं चावून चावून गिळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते काही ठेच्याचं नव्हतं. बापाचं घर तिनं त्या एका घासाबरोबर गिळलं होतं आणि तिला ते पुरतं कळत होतं.

"खाल्लं म्या," ती दाराकडे तोंड करून म्हणाली. "मोडलं धरनं. आता तू खाय अन् पोरीले पाज."

देवीदासजींनी खेदानं मान हलवली आणि जाहीर केलं की दावा गेला. लोक हळहळले. थोडे निराशही झाले. चार दिवस चाललेला तमाशा असा भाकरीवर संपावा हे त्यांना रुचलं नाही.

तेवढ्यात कडी वाजली आणि दार उघडलं. जमुना उंबरठ्याच्या आत उभी होती. वीसेक वर्षांची पोर, तोंड सुकलेलं, कडेवर ते मलूल लेकरू. तिच्या पाठीमागं घरभर उजेड होता. मनकर्णेच्या आठवणीत त्या घरात दुपारीही दिवा लागायचा. आता मागच्या भिंतीत बैलगाडीएवढं भगदाड होतं आणि त्यातून वैशाखाचं ऊन थेट पुढच्या दारापर्यंत आलं होतं. मधल्या खोलीत धाब्याला टेकतील अशा रुईच्या गाठी, खालच्या काळ्या पडलेल्या. त्यांच्या ओलीनं भिंतीला पोटफुगी आली होती. जमीन खणलेली, परसातला मोगरा गाडीच्या चाकाखाली गेलेला, विहिरीच्या काठावर कुजक्या कापसाचा राडा. भगवंत मात्र कुठं दिसेना.

मनकर्णेनं विचारलं, तो कुठं आहे?

"परवा रातीच गेले," जमुना म्हणाली. "चांगल्या चार गाठी गाडीत टाकल्या अन् गेले. देनेकरी येतीन म्हने."

"मंग काल बोलली काहून नाई?"

जमुनानं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. तिनं काही लपवलं नाही. "तुमी दारात बसल्या होत्या तवरीक मले कोनी काढत नव्हतं," ती म्हणाली. "तुमाले कयलं असतं त तुमी घरात आल्या असत्या. मी कुठी जाऊ?"

देवीदासजी पेचात पडले. ज्याच्यावर धरणं धरलं तोच आधी पळाला असेल तर धरणं मोडलं म्हणायचं की फळलं म्हणायचं? त्यांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि पान खायला घरी गेले.

म्हणजे घर मनकर्णेच्या हातात आलं. असं आलं. तिनं आत जाऊन आधी चूल पेटवली, कण्या शिजवल्या, जमुनाला पुढ्यात बसवून खायला घातल्या. दुपारपर्यंत लेकरानं डोळे उघडले आणि संध्याकाळी खणखणीत रडलं. एवढा एक आनंद तिला त्या घरानं दिला. एका गाडीवाल्याबरोबर तिनं सूर्यभानाला निरोप धाडला, की या, घर मिळालं. निरोप पोचायला चार दिवस आणि त्याला यायला चार. तोवर भिंत तरी बांधून घ्यावी म्हणून गवंडी बोलावला. गवंडी म्हणाला की या गाठी हलल्याशिवाय मला भिंतीला हात लावता येत नाही. हमाल बोलावले. हमालांनी गाठी पाहिल्या, एकमेकांकडे पाहिलं आणि म्हणाले की बाई, हा माल भगवंताचा. आज आम्ही उचलला तर उद्या त्याचे देणेकरी विचारतील, माल कोणी नेला? तुमी सांगितलं म्हणून सांगायचं का? मनकर्णेनं हमालांना परत धाडलं.

जमुनाला बाळापूरला धाडावं तर तिथं दिरांनी घर विकून खाल्लं होतं. माहेरी आई नाही. तिला हाकलून द्यावं असं मनकर्णेच्या मनात दोनदा आलं, आणि दोन्ही वेळेला ती लेकराला तेल लावत होती. भाडोत्री काढायला आलेली मालकीण भाडोत्र्याची पोर न्हाऊ घालत होती. सूर्यभानाच्या वांग्यांच्या पाटीला हसायचा हक्क तिनं घालवला होता. रात्री निजताना दोघी भगदाडाला बाज आडवी लावायच्या. आकाशात ढग नव्हते, तरी मनकर्णा रोज सकाळी आधी मावळतीकडे पाहायची.

चौथ्या सकाळी तव्यावर भाकर होती. पुढच्या दाराशी काठी ठेवल्याचा आवाज आला, मग कोणी तरी गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, खाली बसल्याचा. मनकर्णेला तो आवाज कोणी सांगायची गरज नव्हती. चार दिवस तो तिचाच होता.

जमुनानं फटीतून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. भातकुलीचे नत्थुजी, ती पुटपुटली. त्यांच्या साऱ्या वर्षाचा कापूस त्या गाठींमध्ये होता आणि भगवंतानं त्यांना एक पैसाही दिला नव्हता.

मनकर्णेनं दार उघडलं. साठीचा म्हातारा, उंबरठ्याला पाठ लावून बसलेला, पायांशी पाण्याचा भोपळा. तिनं त्यांना दादा म्हणून हाक मारली आणि सांगितलं की तुम्हाला हवा तो माणूस इथं नाही. मागची भिंत त्यानं फोडली आहे, तिथून तो पळाला. तुमचा कापूस आत आहे, तो तेवढा न्या, मी अडवत नाही.

नत्थुजी मागं न वळता म्हणाले, "सडलेला कापूस नेला त मंग माह्यं देनं फिटलं म्हनतीन. म्या कापूस चांगला देल्ला होता, बाई."

"पन म्या तुमचं काई घेतलं नाई."

"माल तुमच्या घरात हाये. अन् घर तुमचंच हाये नं? चार दिवस तुमीच सांगत होत्या. साऱ्या बजारानं आयकलं."

मनकर्णा चौकटीला धरून उभी राहिली. बोटांखाली लाकडी फुलं होती आणि तो ओरखडाही. आठ-दहा दिवस आधी हाच म्हातारा आला असता तर ती त्याच्याशी भांडली असती. आता तिला भांडता येईना, कारण त्याच्या जागी बसून ती हेच बोलली असती. शेवटी तिनं एवढंच विचारलं की मागं एवढं मोठं भगदाड आहे, तो तिकडून गेला, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का.

"ठाव हाये मले," नत्थुजी म्हणाले. "मांगून पाहूनच आलो. पन भगदाडात कोनी धरनं धरते काय? दार त हेच हाये."

मनकर्णा आत वळली. तव्यावरची भाकर अर्धी शेकली होती. ती तिनं काढून जमुनापुढं ठेवली आणि तुला पाजायचं आहे, तू खा, मला नको, असं सांगितलं. मग चुलीतली लाकडं ओढली, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, आणि उंबरठ्याच्या आतल्या बाजूला येऊन बसली.